पऱ्हाटीचा बोर्ड पेट घेऊ नये म्हणून काय करतात? ‘डीएपी’चा आगीशी काय संबंध? समजून घ्या

बीड : कापसाची वेचणी संपली की जिल्ह्यात बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग दिसतात. थोडी पऱ्हाटी चुलीत जाते, उरलेली अनेकदा शेतातच पेटवली जाते. याच पऱ्हाटीचा भुगा करून, त्यात रेझिन मिसळून आणि गरम दाबाखाली दाबून पार्टिकल बोर्ड बनवता येतो. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सिरकॉट) हे तंत्र विकसित केले आहे. पण जी वस्तू आपण सरपण म्हणून वापरतो, ती भिंतीला लावणे कितपत सुरक्षित?

प्रश्न महत्त्वाचा का?

बीडचे ऊसतोड मजूर हंगामात पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. चूलही तिथेच असते. कोपीने पेट घेतला तर धान्य, कपडे, कागदपत्रे वाचवायलाही वेळ मिळत नाही. अशा निवाऱ्यासाठी हलका बोर्ड पर्याय ठरू शकतो; मात्र तो सहज पेटणारा नसावा.

धागा इतक्या लवकर का पेटतो?

कापूस, ताग, पऱ्हाटी, उसाची चिपाडे या सगळ्यांत सेल्युलोज असते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते वेगाने विघटित होऊन ज्वलनशील वायू सोडते. ज्वाळा दिसते ती या वायूंची. कापूस जळत राहायला सुमारे १८ टक्के ऑक्सिजन पुरतो. हवेत तो २१ टक्के असतो.

मग उपाय काय?

• डायअमोनियम फॉस्फेट : शेतकऱ्यांच्या ओळखीचे ‘डीएपी’ हेच. तापल्यावर त्यातून फॉस्फोरिक आम्ल तयार होते. त्यामुळे सेल्युलोजपासून ज्वलनशील वायू कमी आणि कोळसा जास्त बनतो. हा कोळशाचा थर आतल्या भागाला उष्णतेपासून वाचवतो.

• टाकणखार आणि बोरिक आम्ल : उष्णतेने वितळून धाग्यावर काचेसारखा थर तयार होतो.

• ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड : सुमारे २०० अंशांनंतर पाण्याची वाफ सोडते. वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी त्यातून निघते आणि बोर्ड थंड राहतो.

यात नवे काही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्येच अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार वापरून कापड आगीपासून वाचवण्याचे प्रयोग केले होते.

अडचण कुठे आहे?

डीएपी आणि टाकणखार पाण्यात विरघळतात. पावसात भिजलेल्या बोर्डातून ते हळूहळू धुऊन जातात. हायड्रॉक्साइड भरपूर घालावे लागते; त्यामुळे बोर्ड जड होतो आणि त्याची मजबुती घटते. शिवाय २०० अंशांच्या वर धागाच खराब होऊ लागतो, त्यामुळे बोर्ड फार तापवून दाबता येत नाही. रेझिनऐवजी सिमेंट वापरले तर आगीचा धोका बराच कमी होतो. पण चिपाडातील उरलेली साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, म्हणून ती आधी धुवावी लागतात.

घरी डीएपी शिंपडले तर?

तसे करू नका. रसायन धाग्यात खोलवर आणि ठरावीक प्रमाणात मुरावे लागते. वरून शिंपडलेले खत पहिल्याच पावसात वाहून जाईल आणि सुरक्षित असल्याचा खोटा भरवसा तेवढा राहील.

खरेदी करताना काय विचाराल?

‘फायर रिटार्डंट’ म्हणजे न जळणारा नव्हे. उशिरा पेटणारा आणि आग सावकाश पसरू देणारा. अशा प्लायवूडसाठी ‘आयएस ५५०९’ हे भारतीय मानक आहे. बोर्ड कोणताही असो, आगीच्या चाचणीचा अहवाल मागा आणि भिजल्यानंतरही तो टिकतो का, हे जरूर विचारा. आगीत हाती लागणारी चार-पाच मिनिटेही घरातल्या लेकरांना बाहेर काढायला पुरेशी ठरू शकतात.