पाहुणा, पडदा आणि यजमान

ज्या नगरीत परदेशी पाहुण्यांचे मेळे भरावयाचे असतात त्या नगरीच्या कारभाऱ्यांना दोन गोष्टींची मोठी घाई होते. जे दिसणार आहे ते रंगवावयाचे आणि जे दिसू नये असे वाटते ते झाकावयाचे. या दोन्ही कामांना हल्ली ‘जनसंपर्क’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु या शब्दात ‘जन’ आधी आहेत व ‘संपर्क’ मागाहून आहे, याचा विसर यजमानांना नेमका त्याच वेळी पडतो. मुंबई, नवी मुंबई आणि त्यांच्या अंगणातला रायगड जिल्हा हा सारा टापू आज आंतरराष्ट्रीय पाहुणचाराच्या उंबरठ्यावर उभा आहे. अशा वेळी या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘जी-२०’ राष्ट्रांच्या विकासविषयक कार्यगटाची बैठक मुंबईत भरली. पाहुण्यांच्या मार्गावरील काही झोपडवस्त्यांसमोर पडदे आणि फलक उभे राहिले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या स्वागतासाठी अहमदाबादेत एका वस्तीपुढे भिंतच बांधण्यात आली होती. परिणाम काय झाला? जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या भिंतीची छायाचित्रे छापली. जी वस्ती कदाचित एखाद्या पाहुण्याच्याच नजरेस पडली असती, ती भिंतीमुळे साऱ्या जगाच्या नजरेस पडली. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्या काळात झाली त्या काळी प्रत्येकाच्या हातात कॅमेरा नव्हता. आता मूठ झाकली की ती का झाकली, हीच बातमी होते.

पडद्याचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. पाहुण्याला तो फसवतोच असे नाही, पण पडद्यामागच्या माणसाला तो निश्चित दुखावतो. ज्याच्या श्रमावर शहर चालते त्यालाच ‘तू शहराची लाज आहेस’ असे त्या कापडावर न लिहिताही सांगितले जाते. ज्या घरात थोर पाहुणा आला असता आजीला माजघरात कोंडतात, त्या घराच्या पाहुणचाराची थोरवी कोणी गावी?

दिल्लीचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांना पंधरवडाही उरला नव्हता, तोच खेळाडूंच्या निवासातील अस्वच्छतेबद्दल परदेशी पथकांनी जाहीर तक्रारी केल्या. त्याच सुमारास, २१ सप्टेंबर रोजी, मुख्य क्रीडागाराजवळील पादचारी पूल कोसळला. यावर संयोजन समितीच्या एका पदाधिकाऱ्याने, स्वच्छतेच्या त्यांच्या कल्पना वेगळ्या व आमच्या वेगळ्या, अशा आशयाचा खुलासा केला. अस्वच्छता चार दिवसांत निघाली. तो खुलासा मात्र आजतागायत लोकांच्या तोंडी आहे. चूक झाली, ती अमुक दिवसापर्यंत दुरुस्त करू, इतके साधे वाक्य वेळेवर उच्चारणारा माणूस कोट्यवधी रुपयांच्या जाहिरातींहून अधिक मोलाचा असतो. पुढे त्या स्पर्धांत आपल्या खेळाडूंनी १०१ पदके मिळविली, परंतु स्पर्धांचे नाव निघताच पदकांआधी गैरव्यवहारांची आठवण होते. जनसंपर्काचे कोणतेही कौशल्य बुडत्या हिशेबाला तारू शकत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओव्हल मैदानावर ख्रिस्ती धर्मीयांची ३८ वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. या परिषदेला आधी काही गोटांतून विरोध झाला होता. प्रत्यक्षात मात्र सर्व धर्मांचे लाखो मुंबईकर त्यांना पाहण्यासाठी रस्त्यांच्या दुतर्फा उभे राहिले. कोणत्याही प्रसिद्धिखात्याला ते दृश्य हुकूम काढून उभे करता आले नसते. आपल्या वापरासाठी दिलेली मोटार पोपनी जाताना मदर तेरेसांच्या सेवाकार्यासाठी देऊन टाकली, ही गोष्ट आजही सांगितली जाते. त्या सोहळ्यासाठी उभारलेल्या कमानी कशा होत्या हे कोण सांगतो? लोकांच्या स्मरणात माणसांचे वागणे उरते.

आता आपल्या दाराशी येऊ. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील क्रीडागारात भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला आणि नेरूळचे नाव जगभर गेले. या यशाला एक करुण पार्श्वभूमी आहे. या स्पर्धेचे काही सामने मुळात बंगळुरूस व्हावयाचे होते. ४ जून २०२५ रोजी तेथील क्रीडागाराबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांनी प्राण गमावले आणि पुढे ते सामने नवी मुंबईकडे आले. गर्दीला वेळेवर, स्पष्ट आणि एकाच तोंडाने माहिती देणे हे शोभेचे काम नव्हे, तो जीवनमरणाचा प्रश्न आहे, हा धडा आपण दुसऱ्याच्या दुःखावरून शिकून ठेवला पाहिजे.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. तो पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत रायगड आहे आणि खांदेरीही आहे. उलव्यास उतरून रायगडाकडे निघालेल्या परदेशी प्रवाशाची वाट पेण, नागोठणे, खांब, कोलाड, माणगाव अशी जाते. म्हणजे विमानतळ आणि वारसा यांच्या मध्ये रोहे तालुक्यातील खांबसारखी साधी गावे उभी आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये हाती घेतले गेले आणि दहा वर्षे उलटून गेली तरी ते पुरे झाले नव्हते. गणपतीस गावी जाणाऱ्या चाकरमान्याने त्या वाटेवर काय सोसले हे वाचकांस सांगावयास नको. एका वस्तीपुढे पडदा लावता येईल. ८४ किलोमीटरचा पडदा कोणी विणू शकत नाही. तेथे रस्ता करणे हाच एकमेव जनसंपर्क आहे.

संधीही याच वाटेवर आहे. पेण, हमरापूर, जोहे येथील कारागिरांच्या हातच्या गणेशमूर्ती सातासमुद्रापार मराठी कुटुंबांच्या देव्हाऱ्यात कधीच पोहोचल्या आहेत. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडला कुंडलिकेत नौकाविहार चालतो. ज्यांना जगाशी बोलता येते अशी माणसे या जिल्ह्यात आहेत. त्यांना परिषदेच्या मंडपात केवळ नमुन्यादाखल न मांडता यजमानपणाचा मान दिला पाहिजे.

त्याआधी एक जुने देणे लक्षात ठेवावे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरातील शेतकरी भूसंपादनाविरुद्ध उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्याच लढ्यातून पुढे आले. विमानतळाला पाटील यांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये त्याच भूमिपुत्रांच्या वारसांनी मानवी साखळी धरली. या इतिहासाकडे पाठ फिरवून ‘अतिथीला देव मानणारा प्रदेश’ म्हणून मिरविणे शोभणारे नाही. ज्याच्या शेतात धावपट्टी झाली, तोच या घरचा पहिला यजमान.

कारभाऱ्यांनी करावयाचे ते फारसे अवघड नाही. कोणता रस्ता कधी बंद राहील हे परदेशी वार्ताहरांआधी नागरिकांना मराठीत कळवावे. बोलणारा अधिकारी एकच असावा व त्याला खरे सांगण्याची मुभा असावी. खर्चाचा हिशेब सोहळ्यानंतर विनासायास प्रसिद्ध व्हावा. रिक्षावाला, एस्‌टीचा वाहक, नाक्यावरचा चहावाला यांना काय चालले आहे ते ठाऊक असावे, कारण पाहुणा वाट त्यांनाच विचारतो. आणि पाहुण्यासाठी बांधलेला दिवा, नळ, स्वच्छतागृह तो गेल्यावरही चालू राहावे.

अखेरची कसोटी सोपी आहे. विमान परत गेल्यावर यजमानाच्या घरात काय उरले, एवढेच पाहावे. पडदे उरले तर सोहळा वाया गेला. खांबच्या विद्यार्थ्याला शाळेत जाण्यास धड रस्ता उरला, तर पाहुणा पुन्हा येईल आणि त्याला बोलावण्यासाठी जाहिरात द्यावी लागणार नाही.