नादियाचे घोडे

घोड्याच्या पायांवर दुसऱ्याच पायांच्या रेघा चढलेल्या, कागद संपला म्हणून अंगही तेथेंच संपलेलें, एका चित्रावर दुसरें चित्र. असा कागद आपल्या शाळांतील चित्रकलेच्या परीक्षेंत आला असता तर त्यास किती गुण मिळाले असते, हें वाचकांस सांगावयास नको. जन्म मास्तरकींत गेल्यामुळें आम्हांस तो आंकडा बसल्या जागीं दिसतो! परंतु अशाच कागदांनीं १९७४ च्या सुमारास इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञांस विचारांत पाडलें.

हे घोडे काढणारी नादिया १९६७ सालीं नॉटिंगहॅम शहरीं युक्रेनी आईबापांच्या पोटीं जन्मली. इंग्रजींत ज्यास ऑटिझम म्हणतात ती स्वमग्नता तिच्या ठायीं होती. सहाव्या वर्षींही तोंडीं मोजकेच शब्द. पण साडेतीन वर्षांची असल्यापासून तिच्या डाव्या हातीं बॉलपेन आलें कीं गोष्टीच्या पुस्तकांत पाहिलेला घोडा किंवा कोंबडा कागदावर उतरे. तोही पुस्तक समोर नसतांना, आणि कित्येकदां मूळ चित्राहून निराळ्या दिशेस तोंड करून. लोर्ना सेल्फ ह्या विदुषींनीं १९७७ सालीं तिजवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. त्यांतील एक नोंद आम्हांस चित्रांहूनही मोलाची वाटते. रेघा ओढून झाल्या कीं ही मुलगी मागें सरे, मान कलती करून कागद न्याहाळी, मग हंसे, बडबडे, आणि हर्षानें हात व गुडघे हालवी. अर्धवट राहिलेल्या घोड्याची खंत त्या हंसण्यांत कोठेंच दिसत नाहीं. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत, आचार्य प्रशंसा करितात ती रेषेची, असें सांगितलें आहे. ह्या पोरीस तें कोणीं शिकविलें होतें?

ज्या घरीं असें मूल असेल तेथें पाहुणे आले कीं ‘वाघ काढून दाखव, शेंपूट नीट काढ’ असा आग्रह काका-आत्यांनीं धरूं नये. कागद मुबलक द्यावा (जुन्या वह्यांचीं कोरीं पानें चालतील), आणि वाघास पांच पाय निघाले तरी मोजूं नयेत.

पुढें नादिया खास शाळेंत गेली, थोडें बोलूं लागली, आणि चित्रें मात्र ओसरलीं. त्याच सुमारास तिची आईही वारली. भाषेनें प्रतिभा गिळली, अशी हळहळ तेव्हां कांहींनीं व्यक्त केली. आम्हांस ती पटत नाहीं. एक तर शब्द येणें आणि आई जाणें, ह्यांपैकीं कशानें काय झालें हें कोण सांगणार? शिवाय घोडे पाहून तृप्त होणार आपण. तहान-भूक, दुखणें-खुपणें सांगावयाचें तें तिला. मोठेपणीं चित्रांची ओढ तिला राहिली नव्हती. २०१५ सालीं ती वारली.