एका चहावर चार तास

पुणेकराचे मुंबईतले काम तासाभरात संपते आणि परतीच्या गाडीला चार तास उरतात. हे तास कोठे काढावेत, हा आमचा प्रश्न 'सामोवार'ने सोडविला होता.

१९८८ साली सौ.च्या उपचारांसाठी आम्हांला दर तीन आठवड्यांनी मुंबईस जावे लागे. कर्वेनगरातून पहाटेच निघून 'डेक्कन क्वीन' गाठायची, इस्पितळ उरकायचे आणि संध्याकाळपर्यंत काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात येऊन बसायचे. कलादालन १९५२ सालचे. तेथे १९६४ साली उषा खन्ना यांनी हे उपाहारगृह थाटले. सामोवार म्हणजे रशियन लोकांचे चहाचे पाणी उकळण्याचे भांडे. जागा आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद. बाहेर वस्तुसंग्रहालयाची हिरवळ.

औषधांमुळे सौ.ला अन्नाची शिसारी बसली होती. एके दुपारी शेजारच्या टेबलावर बोटी रोल आला. पोळीत गुंडाळलेल्या मटणाचा खमंग वास दरवळला, तशी ती म्हणाली, "अहो, आपणही मागवू या ना एक."

तिने दोनच घास खाल्ले. पण कित्येक महिन्यांत तिने आपण होऊन मागितलेले ते पहिले अन्न! पुढे दोन घासांचा अर्धा रोल झाला, आणि वर्षअखेरीस ती माझ्या बशीतलाही पळवू लागली. डॉक्टरांच्या कागदाआधी शुभवर्तमान मला तेथेच कळले.

त्या साऱ्या दुपारींत 'आणखी काय आणू?' असे कोणी टोचून विचारले नाही. चहा निवला तरी टेबल आमचेच असे.

पुढे कलादालनाने जागा परत मागितली, प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०१५अखेर 'सामोवार' बंद झाले. ज्याची जागा त्याने मागितली, यात गैर काय? तरी जीव हळहळला.

आज पुण्यात खाण्याची ददात नाही. टेबलाच्या मधोमध निखारे ठेवून हवे तेवढे कबाब वाढतात. मुलांनी आम्हां दोघांना हौसेने नेले. पदार्थ उत्तम होते. पण दाराशी नंबर लावून उभी असलेली मंडळी आपल्या ताटाकडे पाहत असतात. पोट भरते, पण बूड टेकत नाही.

थोड्या पैशांत थकल्या माणसाला निवांत बसू देणारी एक तरी जागा शहराला हवीच. तुमच्या गावात अशी जागा अजून असेल, तर वाचकहो, या दिवाळीत तेथे एक चहा घ्या, आणि वेटरला बक्षिसी जरा सढळ हाताने द्या.