फोनवरची विक्री, भाग ५ : निकाल वेगळा, टप्पा वेगळा

मागच्या भागात नंबरांची यादी सॉफ्टवेअरमध्ये कशी भरायची ते पाहिलं. आज फोन ठेवल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. त्या अर्ध्या मिनिटात काय नोंदवलं जातं, यावर पुढची विक्री ठरते.

उदाहरणाला शिरूर तालुक्यातलं मांडवगण फराटा घेऊ. भीमाकाठचं उसाचं गाव, नदीपलीकडे दौंड तालुका. समजा, तिथल्या ठिबकच्या दुकानात एक मुलगी फोनवर बसली आहे. पलीकडून शेतकऱ्याचं उत्तर येतं, “ताई, आत्ता नको. कारखान्याचं बिल निघू द्या.” मुलगी ‘इच्छुक नाही’ निवडते आणि पुढचा नंबर लावते.

इथे चांगलं गिऱ्हाईक हातचं जातं. तो नाही म्हणालेलाच नाही. पैसे कधी येतील ते त्यानं सांगितलंय. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यायची असते, पण बिलं अनेकदा लांबतात. म्हणून लगेच विचारावं, “दादा, ऊस कधी तुटला?” आणि त्या हिशेबानं पुढच्या फोनची तारीख टाकावी. तारखेशिवाय ‘नंतर बोला’ ही नोंद कुचकामी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये दोन रकाने वेगळे हवेत. पहिला कॉलच्या निकालाचा: उचलला नाही, बंद, चुकीचा नंबर, नंतर बोला, बोलणं झालं. दुसरा लीडच्या टप्प्याचा, म्हणजे गिऱ्हाईक खरेदीच्या वाटेवर कुठवर आलंय त्याचा. बरेच जण दोन्ही एकाच ‘स्टेटस’मध्ये कोंबतात. मग कोटेशन घेऊन गेलेल्या शेतकऱ्यानं आज फोन उचलला नाही, की त्याचं कोटेशनच नोंदीतून पुसलं जातं.

ठिबकमध्ये हे टप्पे सरकारी कामकाजानंच ठरवून दिलेत. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग संच बसवणं, बिल अपलोड, मोका तपासणी आणि शेवटी खात्यात अनुदान. केंद्राचं अनुदान आणि राज्याची पूरक रक्कम धरून अल्प व अत्यल्पभूधारकांना मापदंडानुसार खर्चाच्या ८० टक्के, इतरांना ७५ टक्के मिळतात. पूर्वसंमतीआधीच संच घेतला तर हे अनुदान अडकू शकतं. टेलिकॉलरला पडद्यावर टप्पा दिसत नसेल, तर ती पूर्वसंमती न मिळालेल्या शेतकऱ्यालाही “कधी घेताय?” म्हणून घाई करत राहील. नुकसान त्याचं होईल आणि दुकानावरचा विश्वास उडेल.

ऊसलागवडीच्या हंगामाचा रकानाही ठेवा. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. फोन त्याआधी पोचला पाहिजे. रिमार्कही नेमका हवा. २००४ पासून चालणाऱ्या किसान कॉल सेंटरमध्ये फोनमागे जिल्हा, पीक, प्रश्न आणि दिलेलं उत्तर नोंदवतात. दुकानाला तेवढी शिस्त जड नाही.

‘पुन्हा फोन करू नका’ हा निकाल मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा. तो नंबर त्या दिवसापुरता नाही, दुकानाच्या प्रत्येक यादीतून निघाला पाहिजे. नकोसे विक्रीचे फोन थांबवण्यासाठी ग्राहकाकडे १९०९ हा क्रमांक आहेच. त्याला तिथवर जायची वेळ आणू नका.

पुढचा भाग येईपर्यंत एक काम करा. गेल्या महिन्यातल्या ‘इच्छुक नाही’ नोंदी उघडा, रिमार्क वाचा आणि ज्यांनी फक्त वेळ मागितली होती त्यांच्यापुढे तारीख टाका.