चपलांची मांडणी आणि आडवे फुगणारे लाकूड

घरात माणसे पाच आणि दारात चपला-बूट बारा-तेरा जोड. तेव्हा चपलांची मांडणी घरीच करायची, असे आम्ही एका ऑगस्टमध्ये ठरवले. वखारीतून सागाच्या फळ्या आणल्या. वरच्या फळीवर बसून आजींना चपला घालता याव्यात म्हणून ती चांगली ३० सेंटिमीटर रुंद ठेवली आणि खालून दोन आडव्या रिपांना आठ स्क्रूंनी घट्ट आवळली. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री 'काड्' असा आवाज आला. सकाळी पाहतो तो फळी एका टोकापासून लांबीच्या दिशेने चिरलेली!

"लाकूड ओले होते," हा घरचा निकाल. तो निम्मा खरा होता. लाकूड कितीही वाळवले तरी ते हवेशी बाष्पाची देवघेव करीतच राहते. पुण्यात ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर असते. तशा हवेत दीर्घकाळ ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १७ टक्के पाणी मुरलेले असते. उन्हाळ्यात हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास येते.

हे पाणी राहते कुठे? लाकडाच्या पेशी म्हणजे उभ्या, लांबट नळ्या. त्यांच्या भित्तिकांत सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू बहुतांशी खोडाच्या दिशेनेच असतात. पाण्याचे रेणू या तंतूंच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. आगपेटीतल्या काड्यांची जुडी घ्या आणि काड्यांच्या मध्ये कागदाचे कपटे सरकवा. जुडी जाड होईल, लांब होणार नाही. लाकडाचेही तसेच. पूर्ण ओला साग पूर्ण कोरडा होताना वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के, पण लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के.

आता आमच्या फळीचा हिशेब करू. आक्रसणे सुरू होते ते ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली उतरल्यावर. म्हणजे ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदी सुमारे ०.२ टक्के बदलते. १७ वरून ७ वर येताना २ टक्के, म्हणजे ३० सेंटिमीटरला ६ मिलिमीटर! (फळी वलयांना स्पर्शरेषेसारखी कापलेली होती, म्हणून हा आकडा. लाकूड सावकाश वाळते, त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो.) फळीला आक्रसायचे होते, पण खालच्या रिपांची लांबी नेमकी फळीच्या रुंदीच्या दिशेने, आणि लांबीत लाकूड बदलत नाही. स्क्रूंनी फळी धरून ठेवली आणि तंतू एकमेकांपासून सुटले. लाकडाचा सर्वांत दुबळा जोड तोच.

वर्गात हे दाखवायला साग नको, तो पाणी फार हळू घेतो. फळांच्या पेटीची पातळ फळी घ्या. तिच्यातून १० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा, एक रेषांच्या दिशेने व दुसरी रेषांना आडवी. मोजा, रात्रभर पाण्यात बुडवा, पुन्हा मोजा. आडव्या पट्टीतला फरक साध्या पट्टीवरही दिसतो; उभीसाठी व्हर्निअर काढला तरी हाती फारसे काही लागत नाही. विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारा : पावसाळ्यात दार कडीच्या बाजूला अडकते, मग उंचीत का वाढत नाही? जुन्या दिलह्यांच्या दरवाजात सुतार दिलहे चौकटीच्या खाचेत नुसते बसवत, सरस लावत नसत. त्यांना हे ठाऊक होते. आम्ही पदवी घेऊनही विसरलो होतो.

दुसऱ्या मांडणीत खालचे कप्पे ४ सेंटिमीटर रुंदीच्या रिपांचे केले, मध्ये १-१ सेंटिमीटर फट ठेवून. प्रत्येक रिपेला टोकाशी मधोमध एकच स्क्रू. अशी रीप वर्षाकाठी मिलिमीटरभरसुद्धा हलत नाही आणि हलली तर फट आहेच. त्याच फटींतून हवा खेळते, त्यामुळे पावसात भिजलेल्या बुटांवर बुरशी कमी धरते. वरची फळी मात्र आजींसाठी रुंदच हवी होती. ती मधल्या स्क्रूंनी पक्की केली आणि कडेच्या स्क्रूंसाठी रिपांत लांबट भोके पाडली. फळी वाटेल तशी सरकते, उचलली मात्र जात नाही. मुले बूट ओढू लागली की मांडणी डुलायची. मागे एक तिरकी रीप ठोकली आणि चौकोनाचे त्रिकोण होताच ते थांबले. (प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ही सारी यातायात टळली असती, हे कबूल.)

चिरलेली फळी टाकलेली नाही. ती माळ्यावर मोकळीच ठेवली आहे आणि आमची मुलगी दर महिन्याच्या १ तारखेला तिची रुंदी वहीत लिहिते. मे महिन्यात टोकाशी चिरेत पोस्टकार्ड सहज जात होते. ऑगस्टमध्ये ते अडकले.