आधी सूर मोजा, मग सिंथ निवडा

'काका, पहिला पॉलिफोनिक सिंथ घ्यायचाय. खरा ॲनालॉग घेऊ की व्हर्च्युअल ॲनालॉग?' गणपतीच्या कार्यक्रमांत मी कीबोर्डला बसतो, म्हणून हा प्रश्न हल्ली माझ्याकडे येतो. दहा वर्षांपूर्वी मुलं 'कॅसिओ घेऊ की यामाहा?' एवढंच विचारायची. आता यूट्यूबवर बघून, दोन्ही बाजूंची भांडणं ऐकून, डोक्यात गोंधळ घेऊन येतात. एक बाजू म्हणते व्हर्च्युअल म्हणजे नकली. दुसरी म्हणते डोळे मिटून ऐक आणि फरक सांगून दाखव. मला विचाराल तर पहिल्या वाद्यासाठी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की तुमचे हात एका वेळी किती सूर धरून ठेवतात?

हे समजायला सिंथकडे जाण्याआधी घरातल्या पेटीकडे जाऊ. पेटी पॉलिफोनिकच आहे. दहा पट्ट्या दाबा, दहा सूर वाजतील, कारण प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची पितळी रीड आहे. (या रीड्ससाठी आपल्या गुजरातमधलं पालिताणा प्रसिद्ध आहे, हे बऱ्याच मराठी पेटीवादकांना माहीत असतं, पण सुरतेतल्या मुलांना नसतं.) ॲनालॉग सिंथमध्ये तशी चैन नाही. तिथे एक सूर वाजवायला विजेचं एक पूर्ण मंडल लागतं: लहर निर्माण करणारा ऑसिलेटर, तिचा तीव्रपणा छाटणारा फिल्टर आणि आवाज कमीजास्त करणारा ॲम्प्लिफायर. या सगळ्या जोडणीला 'व्हॉइस' म्हणतात. चार सूर एकदम हवे असतील तर ही जोडणी चार वेळा बांधावी लागते, आणि पैसेही त्या हिशेबाने लागतात.

म्हणूनच सुरुवातीचे सिंथ एका वेळी एकच सूर काढायचे. १९७० साली आलेला मिनीमूग तसाच होता. त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र आपल्याला अभिमानाने सांगता येईल. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूगचा मोठा, तारा जोडून वाजवायचा सिंथेसायझर बसवला गेला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर रचना केल्या. त्या टेप पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' या नावाने बाहेर आल्या. जरूर ऐका. गाणी म्हणून नव्हे, आवाज कसा घडतो ते कळायला.

मुंबईत फिल्मी स्टुडिओत मिनीमूग आणला केरसी लॉर्ड यांनी. आणि पॉलिफोनिक सिंथची आपल्याकडची खरी गोष्ट आहे चरणजित सिंग यांची. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकाने सिंगापूरहून रोलँडचा ज्युपिटर-८ आणला. १९८१ सालचं हे वाद्य. आठ व्हॉइस, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर, म्हणजे आत एकूण सोळा. त्यावर त्यांनी भैरवी, मालकंस, यमन असे दहा राग वाजवले, सोबत रोलँडचंच ताल देणारं टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. ती १९८२ ची तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या डान्स म्युझिकवाल्यांनी अक्षरशः डोक्यावर घेतली, कारण तिचा बाज 'ॲसिड हाऊस' नावाच्या त्यांच्या संगीताशी विलक्षण जुळत होता आणि ते संगीत तर नंतर जन्मलं होतं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आठ व्हॉइसचं वाद्य हाताशी असताना या माणसाने मुख्यतः एकेक सुराची रागाची ओळ वाजवली.

मग आपल्या गाण्याला पॉली लागतोच कशाला? लागतो, पण थोडा. एक सूर सोडून दुसरा धरताना पहिला हळूच विरायला हवा असतो. एका व्हॉइसच्या सिंथवर तो कापला जातो. डाव्या हाताने सा आणि प धरला, उजव्याने अभंगाची चाल वाजवली, तर दोन सूर खालचे, एक चालीचा आणि एक विरणारा, असे चार झाले. चार व्हॉइस पुरतात. पण तुम्ही गिटारवाल्या मित्रांबरोबर हिंदी गाणी वाजवता, डाव्या हातात तीन सुरांची कॉर्ड, उजव्यात दोन सूर आणि शेपटी लांब ठेवलेली, तर पाच-सहा सूर सहज होतात. चार व्हॉइसचा सिंथ अशा वेळी सर्वांत जुना सूर गुपचूप सोडून देतो. कॉर्डमधला एखादा सूर मध्येच गायब होतो आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलंच बोट उठलं.

आता दोन्ही जातींकडे बघू. कॉर्गचा मिनीलॉग २०१६ मध्ये आला. खरा ॲनालॉग, चार व्हॉइस, सदतीस बारीक पट्ट्या. जवळजवळ प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब आणि छोट्या पडद्यावर लहरीचा आकार दिसतो, त्यामुळे शिकायला फार छान. व्हर्च्युअल ॲनालॉगमध्ये मंडलाच्या जागी गणित असतं. ऑसिलेटर, फिल्टर सगळं चिपवर हिशेब करून घडवलेलं. स्वीडनच्या क्लाविया कंपनीच्या लाल रंगाच्या नॉर्ड लीडने १९९५ मध्ये हे नाव रूढ केलं. गणितात व्हॉइस वाढवणं स्वस्त पडतं, म्हणून रोलँडच्या गाया एसएच-०१ मध्ये ते थेट चौसष्ट होते. पण व्हर्च्युअल म्हटलं की व्हॉइस भरपूर, असंही समजू नका. २००२ पासूनचा लोकप्रिय मायक्रोकॉर्ग व्हर्च्युअल आहे आणि त्याला चारच आहेत. उलट बेरिंजरचा डीपमाइंड १२ खरा ॲनालॉग असून बारा व्हॉइसचा. आर्टुरियाच्या मिनीफ्रीकमध्ये तर ऑसिलेटर डिजिटल आणि फिल्टर ॲनालॉग. भांडणाऱ्या दोन्ही गटांनी हा कुठे बसवायचा ते ठरवावं!

'नकली' या शब्दावरून आठवलं. पेटीलासुद्धा हे ऐकावं लागलं आहे. परदेशातून आलेली, मींड न निघणारी म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. दरम्यान आपले नाट्यगीतवाले, भजनी मंडळवाले ती वाजवतच राहिले.

तरीही ॲनालॉगचं प्रेम निव्वळ खूळ आहे असं मी म्हणणार नाही. दुहेरी सुरांच्या पेटीत एकाच पट्टीला दोन रीड वाजतात. त्या केसभर जरी वेगळ्या असल्या तरी आवाजात एक लहर येते, पेटी 'भरलेली' वाटते. ॲनालॉग सिंथमधले ऑसिलेटरही असेच एकमेकांपासून किंचित सरकत राहतात. ज्याला लोक ऊब म्हणतात त्यातला मोठा भाग हाच. व्हर्च्युअलमध्येही दोन ऑसिलेटर थोडे वेगळे लावून ती लहर आणता येते, आणि गाण्यात ढोलकी-तबला सुरू झाल्यावर मला तरी फरक सांगता येत नाही. घरी रात्री हेडफोन लावून एकच कॉर्ड पाच मिनिटं ऐकत बसलात तर कदाचित सांगता येईल.

हेच सरकणं सुरतेच्या हवेत अंगावर येऊ शकतं. विजेच्या दाबावर चालणाऱ्या ऑसिलेटरचा सूर तापमानाने बदलतो. एसीच्या खोलीतून वाद्य काढून थेट गरब्याच्या मैदानात नेलं, तर ते स्थिरावायला वेळ मागतं. नवे सिंथ स्वतःला जुळवून घेतात, ज्युपिटर-८ वरही त्यासाठी एक बटण होतं. डीपमाइंडसारख्यांत ऑसिलेटरला डिजिटल घड्याळ ताल देतं, त्यामुळे ते सरकत नाहीत. व्हर्च्युअलला तर हा प्रश्नच नाही. भर कार्यक्रमात गायक 'काळी चार' म्हणून बसलेला असताना हे फार मोलाचं असतं.

निवड आवाजापेक्षाही ज्यावर ठरावी अशी आणखी एक बाब म्हणजे मींड. पॉली मोडमध्ये सरकणारा सूर विचित्र वागतो, कारण प्रत्येक व्हॉइस आपापल्या मागच्या सुरावरून सरकायला लागते. म्हणून वाद्यात मोनो मोड आहे का, त्यात पट्टी न सोडता दुसरी दाबली तरच सूर घसरतो का, आणि पिच बेंड दोन सुरांऐवजी पाच-सात सुरांपर्यंत वाढवता येतो का, हे विचारा. श्रुतींचे प्रयोग करायचे असतील तर सूर बारीक हलवण्याची सोय बघा. मिनीलॉग एक्सडीमध्ये ती आहे. हे सगळं जाहिरातीत ठळक छापत नाहीत.

माझी भाची यंदा शिकवण्यांतून साठवलेले पन्नास हजार घेऊन आली. घरच्यांचं म्हणणं, एवढ्यात ऑर्केस्ट्रावाल्यांचा कीबोर्ड येतो, तबला-बासरी तयार मिळते, नवरात्रात चार पैसे सुटतात. चुकीचं नाही ते. पण तिला आवाज स्वतः घडवायचा आहे, तयार आवाज निवडायचा नाही. ती पेटी शिकलेली, मात्र हल्ली कॉलेजच्या ग्रुपमध्ये कॉर्डच वाजवते. मी तिला सांगितलं, तीन महिने पैशांना हात लावू नकोस. लॅपटॉपवर सर्ज एक्सटी आणि व्हायटल टाक, दोन्ही फुकट मिळतात, आणि माझा जुना मिडी कीबोर्ड घेऊन जा. सर्जमध्ये व्हॉइसची मर्यादा चारवर आणता येते. एक महिना चारवर वाजव, मग आठवर. दुसऱ्याच आठवड्यात फोन आला: 'मामा, चारमध्ये माझं भागत नाही. सारखा एक सूर पळतो.' म्हणजे मिनीलॉग बाद. कुठल्याही व्हिडिओने हे उत्तर तिला दिलं नसतं. आता ती आठच्या पुढच्या व्हर्च्युअलच्या शोधात आहे आणि जुना डीपमाइंड बजेटमध्ये मिळाला तर तोही चालेल म्हणते. तिचे वडील अजून नवरात्राचा हिशेब मांडतायत.

वाजवून बघितल्याशिवाय मात्र घेऊ नका. सुरतेत मला असे सिंथ दुकानात मांडलेले क्वचितच दिसले. मुंबईची एक फेरी धरा, जाण्याआधी फोन करून वाद्य जोडून ठेवायला सांगा, स्वतःचे हेडफोन न्या. तयार आवाजांवर वेळ घालवू नका, ते भुरळ पाडायलाच असतात. एक साधी करवती लहर लावा, फिल्टर पूर्ण उघडा. व्हर्च्युअल असेल तर सर्वांत वरच्या सप्तकात सावकाश वाजवा. मुख्य सुराखाली भलताच किरकिरा सूर ऐकू येतो का? मग रेझोनन्स वाढवून फिल्टरचा नॉब अगदी हळू फिरवा. आवाज घसरगुंडीसारखा उतरतो की पायऱ्यांनी? ॲनालॉग असेल तर एकच पट्टी जितके व्हॉइस तितक्या वेळा, पुन्हा पुन्हा दाबा. बहुतेक वाद्यं दर वेळी पुढची व्हॉइस वापरतात, त्यामुळे एखादी आजारी असेल तर ठरावीक अंतराने आवाज वेगळा येईल. वाद्य थंड असताना एक कॉर्ड फोनवर रेकॉर्ड करा, वीस मिनिटांनी तीच पुन्हा करा आणि दोन्ही ऐका.

जुन्या वाद्यांचा मोह पहिल्या खरेदीत टाळा. १९८४ चा रोलँड ज्युनो-१०६ ऐकायला गोड, पण त्याच्या सहा व्हॉइसच्या चिपा वयाने बिघडतात हे जगजाहीर आहे, आणि त्या दुरुस्त करणारा हात जवळपास मिळेलच असं नाही. अमेरिकेतली मावशी जुना सिंथ आणणार असेल तर पाठीमागे किती व्होल्ट लिहिलंय त्याचा फोटो आधी मागवा. तिकडची जुनी यंत्रं ११७ व्होल्टची असतात, आपल्या भिंतीत २३० आहे. नव्या वाद्याचा अडॅप्टर हरवला तर पिन बसते म्हणून कुठलाही लावू नका, त्यावर छापलेले व्होल्ट आणि अधिक-उण्याची खूण दोन्ही जुळायला हवीत. आणि पन्नास हजारांतले पाच-सहा हजार स्टँड, केबल आणि बऱ्या हेडफोनसाठी आधीच बाजूला काढून ठेवा.