न्यायमूर्तींच्या वर कोण?

एखाद्या न्यायमूर्तींविरुद्ध तक्रारीची बातमी आली की लोक विचारतात, ‘यांच्यावर लक्ष ठेवणारी वरची समिती झोपली आहे काय?’ समिती झोपलेली नाही, ती नाहीच. वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, डॉक्टरांसाठी वैद्यकीय परिषद आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर देखरेख करणारी, कायद्याने स्थापन झालेली कायमस्वरूपी राष्ट्रीय परिषद मात्र भारतात कधीच अस्तित्वात आली नाही. २००६ च्या एका विधेयकात ‘राष्ट्रीय न्यायिक परिषद’ होती आणि तिचे सगळे सदस्य न्यायाधीशच असणार होते. २०१० च्या दुसऱ्या विधेयकात देखरेख समिती होती. ते २०१२ मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले.

सर्वाधिक घोळ आहे तो २०१५ च्या निकालाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांवरचा पहारेकरीच हाकलून दिला, असे सर्रास सांगितले जाते. पण त्या निकालाने रद्द झालेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचे काम नेमणुका आणि बदल्यांपुरतेच होते; गैरवर्तनाच्या चौकशीचा अधिकार त्याला दिलेलाच नव्हता. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असे त्याचे सहा सदस्य. कोणत्याही दोघांनी नकार दिला की शिफारस अडायची. म्हणजे ज्यांची पात्रता कायद्यात नीट सांगितलेली नव्हती असे दोन मान्यवर तिन्ही न्यायमूर्तींना रोखू शकत होते. हा आयोग आणणाऱ्या घटनादुरुस्तीच्या विरोधात संसदेत एकही मत पडले नव्हते. तरीही १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने ती चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केली. ते एक मत न्या. चेलमेश्वर यांचे. पुढच्याच वर्षी, न्यायमूर्तींची नावे सुचवणाऱ्या न्यायवृंदाचे स्वतः सदस्य असताना, पारदर्शकता नाही म्हणून त्यांनी त्याच्या बैठकांना जाणे बंद केले.

हा न्यायवृंद, म्हणजेच कॉलेजियम, राज्यघटनेत शोधायला गेलात तर सापडणार नाही. घटनेच्या १२४ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींनी न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून नेमणूक करावी एवढेच आहे. १९९३ च्या निकालाने त्या विचारविनिमयात न्यायपालिकेचे पारडे जड केले आणि १९९८ मध्ये सरन्यायाधीश अधिक चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती ही रचना पक्की झाली. पण न्यायवृंदाने नाव पाठवले म्हणजे नेमणूक झालीच, असेही नाही. मुंबई उच्च न्यायालयासाठी सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचवले गेले. समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या मतांकडे बोट दाखवून सरकारने फेरविचार मागितला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवले. नेमणूक झाली नोव्हेंबरात. नकार न देताही फाइल दाबून ठेवता येते, हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

न्यायमूर्तींना पदावरून दूर करण्याचा अधिकार फक्त संसदेच्या ठरावाला आहे. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. न्या. व्ही. रामस्वामी यांची चौकशी न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने केली आणि आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. तरी मे १९९३ मध्ये लोकसभेत काँग्रेस तटस्थ राहिली आणि ठराव पडला. न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव २०११ मध्ये राज्यसभेने मंजूर केला. लोकसभेची पाळी येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

मधली वाट मुंबईतल्या एका प्रकरणातून निघाली. १९९५ मध्ये इथल्या वकील संघटनांनी मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या राजीनाम्याची मागणी केली आणि ते पायउतार झाले. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने वकिलांनी असा दबाव आणू नये असे बजावले. पण पदच्युतीइतके गंभीर नसलेले गैरवर्तन हाताळायला काही सोय नाही, हेही मान्य केले. तिथून ‘अंतर्गत चौकशी’ची पद्धत आली आणि १९९९ मध्ये ती स्वीकारली गेली. या चौकशीअंती राजीनाम्याचा सल्ला देता येतो, काम काढून घेता येते; पद काढून घेता येत नाही.

तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे चित्र मात्र अगदी वेगळे आहे. सामान्य माणसाचा संबंध येतो तो याच न्यायालयांशी, आणि तिथे पहारा खराखुरा आहे. घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदानुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते : बदल्या, बढत्या, रजा, शिस्तभंगाची कारवाई, सगळे.

आणि परिषद आली की सगळे सुरळीत होईल, ही समजूत? पोलंडमध्ये अशी परिषद १९८९ पासून आहे. २०१७ च्या कायद्याने तिच्यातले १५ न्यायाधीश सदस्य निवडण्याचा हक्क न्यायाधीशांकडून काढून संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला दिला. युरोपातल्या न्यायपरिषदांच्या संघटनेने तिला आधी निलंबित केले, २०२१ मध्ये काढूनच टाकले. स्पेनमध्ये परिषदेची मुदत डिसेंबर २०१८ मध्ये संपली. दोन मोठ्या पक्षांचे एकमत होईना, म्हणून जुनीच मंडळी काळजीवाहू म्हणून बसून राहिली. २०२१ मध्ये कायदा करून या काळजीवाहू परिषदेचा वरिष्ठ नेमणुकांचा अधिकार काढून घेतला गेला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जागा रिकाम्या राहू लागल्या. अखेर २०२४ च्या जूनमध्ये, युरोपीय आयोगाच्या मध्यस्थीने, ब्रसेल्समध्ये तडजोड झाली.